तू पिक्चर बघत नाहीस, ब्लाऊज बघतेस

चिऊ,

रविवारी फोनवर म्हणालीस की आई तू पिक्चर बघतच नाहीस, नुसते ब्लाऊज बघतेस, आणि तेवढ्यात तुझा कुठला कॉल आला म्हणून ठेवून दिलास. माझं उत्तर राहिलं ते राहिलंच. आत्ता लाईट गेलीय, मशीन बंद आहे (मोटर बसवल्यापासून पाय मारायची सवयच मोडली), तर टाईप करून टाकते. हो, बघते ब्लाऊज. तीस वर्षं वर झाली तेच करतेय, तुझी फी पण त्यातनंच गेली, मग काय झाडं बघू?

तू सांगितलंस म्हणून ती तवायफांची सिरीज, हीरामंडी बघितली, आठच्या आठ भाग. देखणी आहे, नाही म्हणत नाही. पण लाहोरची भर दुपार, घरात बाहेरचं कोणी नाही आणि त्या बायका जरीच्या ओढण्या, हे एवढे झुमके घालून बसल्यात! अगं ज्या बाईची रोजीरोटी कपड्यावर असते ना, ती कपडा जपून वापरते, हे मला विचार. घरात एक विटका कुडता असतोच. एकीच्या तरी काखेत घामाचा डाग दाखवायचा की.

उलट मुगले आझम बघ. १९६० चा, दरबारी भाषा, पल्लेदार डायलॉग, तरी मला तो खरा वाटतो. त्याला शिंपी दिल्लीचे, भरतकामाला सुरत-खंबायतचे कारागीर, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, चपला आग्र्याच्या आणि मुकुट आपल्या कोल्हापूरचे, हे माहितीय का तुला? आणि एवढं सगळं करून बराचसा पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट, म्हणजे धाग्यांचे रंग कुणाला दिसले पण नाहीत. पण मधुबाला साखळदंडात उभी राहते तेव्हा ते वजन तिच्या खांद्यावर दिसतं. हल्ली लेहंगा किती किलोचा ते मुलाखतीत सांगतात आणि पडद्यावर गिरकी घेतली की तो कापसासारखा उडतो.

बाजीराव मस्तानीवरनं तू चिडतेस, तरी लिहिते. रणवीर मला आवडला, लढाईतली धूळ पण आवडली. पण वाड्यात पाऊल ठेवलं की सगळ्यांना आत्ताच इस्त्री केल्यासारखं! ज्या माणसाचा जन्म घोड्यावर गेला, जो २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीत, नर्मदेकाठच्या त्या उन्हाळ्यात गेला, त्याच्या अंगरख्याला एक ठिगळ नाही, एक उसवलेली शिवण नाही. आणि ते पिंगा गाणं. काशीबाई नि मस्तानी एकत्र नाचल्या असत्या का यावर २०१५ साली लोक भांडभांड भांडले, माझं भांडण वेगळंच. त्या वर्षी गॅदरिंगसाठी मुलींनी सहा शिवलेल्या नऊवारी टाकल्या माझ्याकडं आणि एकजण म्हणते काकू कंबरेच्या अजून खाली घ्या, पिक्चरमध्ये तशीच आहे. म्हटलं बाई, तिथं ओचा राहणार कुठं? नऊवारीचा सगळा जीव कंबरेच्या गाठीत असतो, ती सैल पडली की काष्टा गेला. शेवटी आतून इलॅस्टिक घातलं. पैसे मिळाले, पण बरं नाही वाटलं.

आता तुझे लाडके रोमँटिक पिक्चर. हम आपके हैं कौन आला १९९४ ला आणि माधुरीच्या त्या जांभळ्या साडीनं मला पहिली दिवाळी दाखवली. एक नवी सून मासिकातलं कात्रण घेऊन आली, पाठ अशीच उघडी पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिची सासू गुपचूप येऊन सांगून गेली की पाठ बंद करा, वाटलं तर दहा रुपये जास्त घ्या. मी मधे जाळी लावली. दोघी खूष.

कुछ कुछ होता है मात्र अजून डोक्यात जातो. पोरगी ट्रॅकसूट घालून हिरोला बास्केटबॉलमध्ये हरवते तोवर ती नुसती मैत्रीण, आणि शिफॉन नेसून आली की याला साक्षात्कार! परत खेळतात तेव्हा बिचारीचं पदर सावरण्यातच लक्ष. म्हणजे प्रेम कुणावर बसलं, तिच्यावर का साडीवर? साडीवर असेल तर माझ्याकडं कपाट भरून आहेत.

म्हणून जब वी मेटमधली गीत आवडते. बॅग गाडीत राहिली, स्वतः रतलामच्या प्लॅटफॉर्मवर, पटियाला सलवार, आणि तोंडाचा पट्टा चालूच. तिला कुणी बदलायला लावत नाही. नंतर ती विझते तेव्हा कपडेसुद्धा विझतात, ते ज्यानं केलं त्याला हुशार म्हणायचं.

आणि रजनीगंधा बघ एकदा, १९७४ चा. सावकाश आहे, मोबाईल लांब ठेव. विद्या सिन्हाच्या साड्या अशा की तशा माझ्याकडं शिवायला येतात, म्हणजे फॉल-पिकोच्या. तो अमोल पालेकर कायम उशिरा येणार, ऑफिसचंच बोलत बसणार, पण फुलं आणणार. तुझ्या बाबांनी एवढ्या वर्षांत एकदाच माझी नवी साडी ओळखली आणि ती जुनी निघाली. फुलं पण नाहीत. पेरू आणतात.

लाईट आली. तुझ्या मैत्रिणीनं त्या सिरीजमधल्या ब्लाऊजचा फोटो पाठवलाय, तिला सांग फोटोवर माप येत नाही, तिला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज कुरिअर कर. अस्तर ती आणणार का मी घालू तेपण विचार. आणि मुंढ्यात मी अर्धा इंच सैलच ठेवणार, हिरोईनला हात वर करून बस पकडायची नसते, हिला असते.

तुझी आई