बाबांच्या उत्तरासाठी थांबलेल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. रात्रपाळी, आणि सकाळची कर्जत लोकल, एवढ्यावरून तुम्ही ओळखालच. बाबांना हॉस्पिटलातून घरी सोडलं त्या दिवशी तुमची सुट्टी होती. भेट राहून गेली, ती रुखरुख अजून जात नाही.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटातही ज्यांची हाक ऐकू जायची, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आधीच्या हॉस्पिटलात ते फक्त 'सोळा नंबर' होते. त्यांच्या उशाशी उभं राहून सांगितलं गेलं, "यांना आता काही कळत नाही." डायपर बदलताना पडदासुद्धा ओढत नसत. बाबा तेव्हा छताकडे बघत राहायचे. बोलणं गेलं तरी समज शाबूत असू शकते, हे त्या शिकल्यासवरल्या माणसांना ठाऊक नव्हतं, असं कसं मानू?

तुमच्या हॉस्पिटलात आणल्यावर तुम्ही पहिल्याच रात्री पडदा ओढलात आणि विचारलंत, "बाबा, कुशीवर वळवू का?" आणि थांबलात. वॉर्ड भरलेला, चार बाजूंनी हाका, तरी थांबलात. बाबांनी पापण्या मिटल्या, मगच हात लावलात.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. माणूस म्हणजे वाणी आणि विवेक असलेला प्राणी, हे अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं उत्तर मी वर्गात किती सहज सांगत आले! त्या मापाने माझे बाबा माणसातून उठले होते. तुमच्यामुळे मला हेल्मुट प्लेस्नर हा जर्मन तत्त्वज्ञ नव्याने कळला. वडील ज्यू वंशाचे म्हणून १९३३ साली त्याला कोलोन विद्यापीठातून काढलं होतं. तो म्हणतो, माणूस शरीर असतो आणि त्याला शरीर असतंही. शब्द आणि कृती दोन्ही खुंटतात तिथे हसू किंवा रडू फुटतं, आणि तेही माणसाचंच उत्तर. तुम्ही लोकलमधल्या भांडणाचा किस्सा सांगितलात तेव्हा बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसले. आजारपणातलं त्यांचं ते पहिलं हसू.

इराकमधल्या शानिदर गुहेत १९५७ साली एका निअँडरथल आदिमानवाचा सांगाडा सापडला. उजवा हात निकामी, एका डोळ्याने बहुधा आंधळा, तरी त्या जखमांनंतर तो वर्षानुवर्षं जगला. कुणीतरी त्याला सांभाळलं असणार, असं संशोधक म्हणतात. ते वाचताना आता मला तुम्ही दिसता. असली माणुसकी कुठल्या पदवीने येत नाही, आणि कंत्राटी पगारात तर ती मोजलीही जात नाही. तुमच्याबद्दल हॉस्पिटलला लेखी कळवलं आहे.

बाबांची स्पीच थेरपी सुरू झाली आहे, एखाद-दुसरा शब्द येतो. एखाद्या सुट्टीला लालबागला या. चिंचपोकळीला उतरलात की फोन करा, भाऊ घ्यायला येईल.