तंबोरा घेऊन ये

मिरज

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मामा तुझ्यावर तडकला, ते मनाला लावून घेऊ नकोस. सहस्रचंद्रदर्शनाला हॉल घेऊ, पत्रिकेवर ‘ज्येष्ठ हार्मोनियमवादक’ छापू, तासभर मामाचं सोलो ठेवू, हे तू प्रेमापोटीच म्हणालास. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ झोपाळ्यावर गप्प बसून होता. मग म्हणाला, "पोराला तूच सांग सगळं. मला नाही जमायचं."

गोविंदराव टेंब्यांच्या पेटीबद्दल तुझे आजोबा बोलायला लागले की ताटातलं जेवण गार व्हायचं. दादाने, म्हणजे तुझ्या मामाने, तेव्हापासूनच मनात घेतलं होतं, पेटी वाजवायची ती स्वतंत्र, कुणाच्या मागे बसून नाही. पण रेडिओवर 1940 पासून पेटीला बंदी. तिचे सूर पक्के बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, दोन सुरांमधल्या बारीक श्रुतींना जागा नाही, असं कारण होतं. 1971 साली बंदी उठली तेव्हा दादा 27 वर्षांचा. वाटलं, आता दिवस आले. बोलावणी आलीही, पण सगळी साथीची. सोलोचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू पुढच्या वर्षी." पुढे नाटकांचे दौरे, शाळांची स्नेहसंमेलनं, गांधर्वच्या परीक्षांना बसणारी मुलं. चाळीस वर्षं त्याने साथच केली, आणि फार चांगली केली. गाणारा कुठे अडखळणार हे त्याला आधी कळायचं आणि तिथे त्याचा सूर तयार असायचा.

आता माझं सांगते. हे तुला कधीच सांगितलं नाही.

1973 मध्ये मी रेडिओच्या ऑडिशनला गेले. काचेपलीकडे माणसं, समोर माईक, लाल दिवा लागला आणि घशाला कोरड पडली. महिन्याभराने दोन ओळींचं छापील पत्र आलं, निवड झाली नाही म्हणून. दोन वर्षांनी पुन्हा गेले, पुन्हा तेच पत्र. का नाही, हे दोन्ही पत्रांत नव्हतं. मी दादाला विचारलं. तो पेटी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "मुलतानी रागात पंचमावर थांबलीस की तो उतरतो तुझा. तंबोऱ्याशी ताडून बघ."

मी ताडून बघितलं नाही. तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवून दिला. त्या पत्रांचा राग दोन-चार महिन्यांत गेला, दादाच्या त्या वाक्याचा गेला नाही. दर भाऊबीजेला त्याला ओवाळलं, पण त्याच्यासमोर साधी गुणगुणलेही नाही. तू लहानपणी विचारायचास, "आई, हे एवढं मोठं काय आहे कोपऱ्यात?" आणि मी म्हणायचे, हात लावू नकोस.

तुझी मामी गेली आणि मी इकडे राहायला आले. एका दुपारी, चारच्या सुमाराला, दादाने पेटी काढली आणि मुलतानीचे सूर धरले. काही बोलला नाही. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. तिथूनच पंचम लावला. उतरला. पुन्हा लावला, पुन्हा उतरला. तो तेवढीच पट्टी दाबून धरून बसला, भाता हलवत, मी वर येईपर्यंत. किती वेळ गेला माहीत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, बाळा. माझ्या गाण्यात काय चुकतं हे मला सांगणारं दुनियेत एकच माणूस होतं, आणि मी त्यालाच बोल लावला.

आता रोज चारला बसतो. पूर्वी मी काळी पाचच्या पट्टीत गायचे, आता खाली पांढरी चारवर आलेय. दादाच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नाही, त्यामुळे तान घेताना तो मधल्या बोटाने उडी मारतो आणि एखादा सूर गळतो. तो गळालेला सूर मी गाऊन टाकते. डावा हात मात्र तसाच आहे, भाता कधी तुटत नाही.

हॉलचं तेवढं सोडून दे. तो मला म्हणाला, "मला ऐकवायचं होतं ती बोटं आता नाहीत. लोक वयाला टाळ्या वाजवतील, मला त्या नकोत." मला ते पटतं. त्याचं दुःख गेलेलं नाही, जाणारही नाही, आणि पत्रिकेवर नाव छापून ते भरून येणारं नाही. तू मात्र ये. शनिवारी चारला माजघरात बस आणि ऐक. मोबाईल काढू नकोस.

आणि येताना माझा तंबोरा घेऊन ये. तुमच्या पुण्याच्या घरात शोभेला ठेवायला मीच दिला होता, सूनबाईला तसं नीट सांग. तारा गंजल्या असतील, त्याची काळजी नको, इथे सतारमेकरांकडे नव्या चढवून जवारी, म्हणजे तारांची गुंजन, काढून घेऊ. एसटीने आणू नकोस. गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेव आणि भोपळ्याखाली उशी दे.

तुझी,
आई