तो नुसता वाट पाहत बसला नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उतारवयातल्या लग्नांवरचा लेख वाचला. साठीनंतरची लग्ने म्हणजे जेवणखाण आणि औषधपाण्याची सोय, असे लेखकाचे म्हणणे आहे. त्या वयातले खरे प्रेम पाहायचे तर कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या कादंबरीतच, जिथे नायक प्रेयसीसाठी ५१ वर्षे वाट पाहतो, असेही पुढे म्हटले आहे. पहिल्या विधानाचा मला राग आला. दुसऱ्याने वाईट वाटले, कारण ही कादंबरी माझ्या फार जवळची आहे आणि तिचा गाभाच लेखातून निसटला आहे.

मी तारखात्यात नोकरी केली, आधी चिपळूणला, मग साताऱ्याला. कादंबरीचा नायक फ्लोरेंतिनो अरिसा हाही तारघरातला पोरगा. एका घरी तार द्यायला जातो आणि खिडकीतून त्याला फेर्मिना दासा दिसते. ती आपल्या आत्याला वाचायला शिकवत बसलेली असते. पत्रापत्री सुरू होते. बापाला कळते, तो मुलीला खेचरावर बसवून डोंगरापलीकडे नेतो, तर वाटेवरच्या गावोगावचे तारवाले दोघांचे निरोप पोचवत राहतात. हे वाचताना मला आमच्या रात्रपाळ्या आठवल्या. कामाच्या तारा संपल्या की दोन गावांचे तारमास्तर एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत, कोणाचे काही अडले असेल तर निरोप पुढे सरकवत. मार्केझने हे मनाने रचलेले नाही. त्याचे वडील आराकाताका गावी तारेच्याच कामावर होते. आईच्या माणसांनी हे स्थळ नको म्हणून तिला असेच दूर नेले होते, आणि तारांनीच त्या दोघांना बांधून ठेवले होते.

पण कादंबरीत पुढे काय होते? मुलगी परत येते, बाजारातल्या कमानींखाली तो तिच्यासमोर उभा राहतो, आणि एका क्षणात तिला कळते की हा सगळा भ्रम होता. ती त्याला नाकारते आणि डॉ. हुवेनाल उर्बिनोशी लग्न करते. तो पॅरिसहून शिकून आलेला, शहरातून कॉलरा हटवण्यासाठी झटणारा डॉक्टर. पन्नासहून अधिक वर्षांचा हा संसार मार्केझने खोटा ठरवलेला नाही, उलट फार मायेने लिहिला आहे. न्हाणीघरात साबण नव्हता एवढ्यावरून दोघांत महिनोन्‌महिने अबोला राहतो, ते पान कोणत्याही मुरलेल्या जोडप्याने वाचावे. दुसऱ्या प्रेमाला जागा हवी म्हणून पहिल्याला लहान करावे लागत नाही, हे त्या पानांतून मला उमगले.

पोपट पकडायला आंब्याच्या झाडाला शिडी लावून चढलेला डॉक्टर ८१व्या वर्षी पडून मरतो. दुसऱ्या दिवशी, दफनानंतर रात्री लोक उठून गेल्यावर, ७६ वर्षांचा फ्लोरेंतिनो ७२ वर्षांच्या विधवेपुढे जन्मभराच्या प्रेमाची जुनी शपथ पुन्हा उच्चारतो. ती त्याला घराबाहेर काढते, आणि योग्यच करते. वाट पाहण्याचे फळ त्याला मिळाले ते एवढेच.

त्यानंतरचे जे घडते त्याचा तुमच्या लेखात शब्दही नाही. तिच्या संतापलेल्या पत्राला तो उत्तर लिहितो, तेही टंकलेखन यंत्रावर. तरुणपणीचा ताप त्यात नाही, जुन्या दिवसांची आठवण नाही, मागणे नाही. आयुष्य, म्हातारपण, मरण यांबद्दल एका वयस्क माणसाने दुसऱ्या वयस्क माणसाला शांतपणे लिहिलेली ती पत्रे आहेत. नवऱ्याच्या मागे रिकाम्या झालेल्या घरात तिला त्यांचा आधार वाटू लागतो. ज्या मुलीवर तो झुरला ती आता नाही, हे ओळखून तो समोरच्या बाईशी पहिल्यापासून ओळख करून घेतो. दुसरी संधी त्याला त्यामुळे मिळते.

फेर्मिनाच्या मुलांचे वागणेही मार्केझने नेमके टिपले आहे. मुलगा सभ्य आहे, पण म्हाताऱ्यांसाठी वेगळी शहरे वसवावीत अशी त्याची कल्पना. मुलीला तर या वयातल्या प्रेमाची किळसच येते, आणि आई तिला घरातून घालवून देते. आपल्याकडे हे वेगळ्या शब्दांत चालते. ‘म्हातारचळ’ म्हटले की सगळ्यांचे समाधान होते.

कादंबरीचा काळ १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे १९३० पर्यंतचा, स्थळ कोलंबियाचा कॅरिबियन किनारा आणि मग्दालेना नदी. शेवटचा प्रवास आगबोटीतून आहे. बॉयलरसाठी लाकूड तोडून तोडून काठची जंगले संपली आहेत, मगरी नाहीशा झाल्या आहेत, मॅनटी हे पाण्यातले मोठे सस्तन प्राणी दिसत नाहीत. नदीही थकलेली आहे. त्या बोटीवर फेर्मिना कपडे उतरवताना त्याला बघू नकोस म्हणते, कारण जे दिसेल ते त्याला आवडणार नाही. पहिल्या रात्री त्यांचे काही जमतही नाही. इतके खरे लिहायला धीर लागतो. पुढे ओळखीची माणसे बोटीवर चढताना पाहून ती हादरते, नवरा जाऊन फार दिवस झालेले नसताना आपण सहलीला निघालो हे लोकांना कळेल म्हणून. मग कप्तान कॉलऱ्याचा पिवळा बावटा चढवतो आणि दुसरे प्रवासी घेत नाही. लोकांच्या नजरेतून सुटण्यासाठी या दोघांना रोग्यांचे निशाण लावावे लागते.

या पुस्तकातले सगळेच मला मान्य आहे असे नाही. फ्लोरेंतिनोच्या पालकत्वाखाली सोपवलेली अमेरिका विकुन्या ही चौदा वर्षांची मुलगी, तिच्याशी तो ठेवतो तो संबंध आणि शेवटी तिने केलेली आत्महत्या यांना क्षमा नाही. त्याला आदर्श प्रियकर म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचावे. दोन म्हातारी माणसे एकमेकांशी खरी वागू लागतात तेवढाच भाग मी उराशी धरतो.

त्याला कारण आहे. चिपळूणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक मुलगी ऑपरेटर होती. आमची पसंती होती, घरच्यांची नव्हती. तिचे लग्न झाले, माझेही झाले. माझा संसार चांगला झाला, पत्नीचा फोटो आजही बैठकीच्या खोलीत आहे. दोघांचेही जोडीदार गेल्यानंतर नात्यातल्या एका मुंजीत आमची पुन्हा गाठ पडली. मी चिपळूणच्या गोष्टी काढल्या. त्या म्हणाल्या, “त्या मुलीला तुम्ही ओळखत होता. मला ओळखता का, ते बघा आधी.” पुढे कितीतरी महिने आम्ही रोज संध्याकाळी फोनवर बोललो ते आज काय वाचले, गुडघा कसा आहे, नातवंडे काय म्हणतात एवढेच.

आम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. त्यासाठीची नोटीस कार्यालयाच्या फलकावर ३० दिवस लागते. ओळखीच्या लोकांनी ती वाचली, काहींनी तिचे फोटो काढून फिरवले. तीन साक्षीदार लागतात, त्यांतला एक त्यांचा मुलगा होता. माझी मुलगी आली नाही, तिच्याशी बोलणे आता कुठे सुरू झाले आहे. राहते घर मी आधीच तिच्या नावे करून दिले होते. सोयीचे म्हणाल तर माझा डबा वेळेवर येत होता, त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई होती, औषधे दुकानदार घरपोच देतो.

तारखात्यात अभिनंदनाची ठरावीक वाक्ये असत. फॉर्मवर क्रमांक लिहिला की पूर्ण वाक्य जाई. लग्नाचे एक वाक्य तरुण जोडप्याला आशीर्वाद देणारे होते, ते मी असंख्य वेळा पाठवले. साठी उलटलेल्या जोडप्यासाठी त्या यादीत एकही वाक्य नव्हते, आणि तसे कोणी मागितलेलेही मला आठवत नाही. १४ जुलै २०१३च्या रात्री शेवटच्या तारा घेतल्या गेल्या आणि ती यादीही संपली.

माझी विनंती अशी की, या विषयावर पुन्हा छापाल तेव्हा या वयात लग्न केलेल्यांना स्वतः लिहू द्यावे. ज्यांना नाव नको असेल त्यांचे नाव राखून ठेवावे. आमच्या पत्नीनेही लिहायची तयारी दाखवली आहे, आणि त्या माझ्यापेक्षा स्पष्ट लिहितात.

आपला,
एक निवृत्त तारमास्तर, सातारा