दोन मुठी उंचीवर

पुणे,
9 फेब्रुवारी

प्रिय शुभा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. ‘रविवार अंगावर येतो’ या वाक्यापाशी मी अडकले आणि बराच वेळ पत्र हातात धरून बसून राहिले. मुलं आपापल्या वाटेनं गेली, नोकरीचे पाच दिवस सरतात, पण उरलेले दोन दिवस घर खायला उठतं. ‘एखादा छंद लावून घ्यायला हवा, पण या वयात कुठला?’ असं विचारलंयस, आणि खाली क्लासची यादी. कुंभारकाम, स्पॅनिश, योग. अगं, ती यादी आधी बाजूला ठेव.

मीही अशीच यादी केली होती. पेटीचा क्लास लावला आणि चार महिन्यांत सोडला. पेटी छानच वाद्य आहे, पण वाजवायला बसले की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. ‘काहीतरी करायला हवं’ म्हणून घेतलेली गोष्ट शेवटी कामच झाली.

मग 2020 साल आलं. त्या वर्षी आई गेली, हे तुला माहीत आहेच. त्यानंतर माझी झोप किती उडाली होती, ते मात्र तुला तेव्हा सांगितलं नाही. डिसेंबरात पेपरात वाचलं, की 21 तारखेला गुरू आणि शनी एकमेकांना अगदी खेटून दिसणार. शेजारच्या काकांकडून बायनॉक्युलर मागून आणली आणि सूर्य बुडाल्यावर कोथरूडच्या आमच्या गच्चीवर गेले. हात थरथरत होते, म्हणून पाण्याच्या टाकीवर कोपरं टेकवली. एकाच गोलात दोन्ही ग्रह! आणि गुरूच्या अगदी जवळ टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. ते त्याचे चंद्र होते, गॅलिलिओनं 1610 च्या जानेवारीत पाहिलेले तेच. ग्रह मावळेपर्यंत मी तिथून हलले नाही. खाली आले तेव्हा लक्षात आलं, आई गेल्यापासून पहिल्यांदाच इतका वेळ दुसरं काही मनात आलं नव्हतं.

पुढे मी टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे जायला लागले. आकाश बघणाऱ्या हौशी लोकांची 1944 पासूनची संस्था आहे ती. आपल्याला गणित येत नाही, आपल्याला कोण विचारणार, अशी धाकधूक होती. पण मला सगळ्यांत आधी जे शिकायला मिळालं, त्याला गणितही लागलं नाही आणि यंत्रही. हात लांब करून मूठ धरायची. मुठीची रुंदी म्हणजे आकाशात साधारण दहा अंश. बस. आता हेच माझं हत्यार.

ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतक्याच अंशांवर दिसतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून तो उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. आणि आत्ता फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड केलं, की व्याध ताऱ्याच्या जवळजवळ सरळ खाली अगस्त्य तारा. तोही दोन मुठीच! पाठीमागे ध्रुव, समोर अगस्त्य, दोघंही सारख्याच उंचीवर आणि मध्ये मी. हे मला पहिल्यांदा उमगलं ते वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी. शहरात दक्षिणेकडच्या उजेडात अगस्त्य फिका पडतो, तिथे तो ठसठशीत होता. त्याचा प्रकाश इथे पोचायला सुमारे 310 वर्षं लागतात. शनिवारवाड्याची पायाभरणी झाली 1730 मध्ये, त्याच्याही आधी निघालेला उजेड माझ्या डोळ्यात शिरत होता. मी रडले, शुभा. दुःखानं नाही.

आमच्याकडे जाऊबाई विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ मी त्यांना वही दाखवते. काक्षी, म्हणजे मृग नक्षत्रातला तो तांबूस तारा, तेजानं कमी-जास्त होतो. दिसेल त्या रात्री मी तो रोहिणी ताऱ्याशी ताडून बघते आणि एक ओळ लिहिते: ‘आज काक्षी उजळ.’ 2019 च्या अखेरीपासून फेब्रुवारी 2020 पर्यंत तो इतका मंदावला होता, की नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. तेव्हा मी वर बघतच नव्हते! त्याची हळहळ अजून वाटते. जाऊबाईंना वहीत उपयोग दिसत नाही. मला त्या ओळीसाठी संध्याकाळपासून ढगांकडे बघावंसं वाटतं, आणि झोप आली नाही तरी आता रात्रीची भीती वाटत नाही.

तू आकाशच बघ, असं मी म्हणत नाही. परवा वेताळ टेकडीवर गेले होते. काटेसावर फुललीय, एकही पान नाही आणि नुसती लाल फुलं. तिथे तू आठवलीस. कॉलेजात असताना लॉ कॉलेज रोडवरून जाताना तू प्रत्येक झाडाखाली थांबायचीस आणि आमची बस चुकायची. तुझ्या पर्समध्ये गुलमोहराच्या शेंगा, कसल्या कसल्या बिया. आम्ही चिडायचो, तरी तुझे पाय थांबायचेच. ते थांबणं कुठे गेलं गं? लंडनमध्ये झाडांना काय तोटा! नाव माहीत नसलेलं एक झाड घराजवळच निवड आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहा. चित्र काढ, पान वहीत ठेव, नाहीतर नुसती उभी राहा. चांगलं जमलं पाहिजे अशी अट मात्र घालू नकोस. आपल्या पिढीला मार्कांशिवाय काही करायला कुणी शिकवलंच नाही, आणि त्यात आपल्या किती आवडी मेल्या.

आता एक मागणं. अगस्त्य तुला तिथून कधीच दिसणार नाही, तो तुमच्या क्षितिजावर येतच नाही. पण व्याध दिसतो. शनिवारी रात्री आठ वाजता बाहेर ये आणि दक्षिणेला बघ. मृगातले ओळीतले तीन तारे खाली डावीकडे ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो सगळ्यांत तेजस्वी तारा. क्षितिजापासून दोन मुठी. इथे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असेल आणि माझ्याकडे तो नैर्ऋत्येला झुकलेला असेल, तोही साधारण दोन मुठींवर. मी गच्चीत असेन, टाकीपाशी.

स्वेटर घालून ये. ढग असले तर रविवारी.

तुझी,
नीलू