अण्णाची डबी

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

काय बे, परवा फोनवर 'अण्णा गेला' एवढंच बोललो आणि पुढं शब्दच फुटेना. म्हणून लिहितोय.

काल अशोक चौकात त्याच्या घरी शोकसभा झाली. एकानं भाषणात त्याला 'दुसरा कोटणीस' म्हटलं. अण्णा असता तर उठूनच गेला असता! भैय्या चौकातून जाताना कोटणीसांच्या घराकडं बघून काय म्हणायचा, आठवतं? "डॉक्टर १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, ३२ व्या वर्षी तिथंच संपले. मी आपला नळ मोजतो."

पण मोजायचा कसा! ऑगस्ट २०१७ पासून बांगलादेशात कॉक्स बाजारला म्यानमारहून सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित आलेले, आणि आपण तिथल्या छावणीत पाण्याच्या कामावर. डोंगर तासून बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या, घाईत मारलेले उथळ हातपंप आणि त्यांना खेटून संडासाचे खड्डे. माणशी रोज १५ लिटर, एका नळामागं २५० माणसं, रांग अर्ध्या तासाच्या आत, हे छावणीसाठी ठरलेले किमान आकडे आपण तक्त्यात भरून मोकळे व्हायचो. अण्णा स्वतः रांगेत उभा राहायचा. मिनिटाला साडेसात लिटर येत नसेल तर तो नळ त्याच्या हिशेबात नळच नव्हता. चार-चार दिवसांआड पाणी, रात्री दोनला हंडे लावणारी आई... सोलापूरच्या पोराला हे कुणी शिकवावं लागतं का?

चिडका होता, कबूल. तुझ्याशी तर क्लोरीनवरून आठवडाभर बोलला नाही. बायका क्लोरीनच्या वासामुळं टाकीचं पाणी ओतून देत होत्या, परत त्या हातपंपाकडं वळत होत्या. तू म्हणालास, पत्रकं वाटू. हा त्यांच्यात जाऊन बसला. नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकून गुलाबी रंग दाखवला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, तेच पाणी दुसऱ्या पेल्यात घेऊन स्वतः प्यायला. एक म्हातारी तिच्या भांड्याला 'कोलशी' म्हणाली, तर हा वेड्यासारखा हसायला लागला. "अरे, कळशी! आपलीच कळशी!" भाषा कळत नव्हती, पण त्या दिवसापासून म्हातारी त्याला रांगेत पुढं घ्यायची आणि तो मुद्दाम मागं जायचा.

वहिनींनी त्याची तपासणीची डबी माझ्याकडं दिली. आत एकच गोळी उरलीय. तुझ्यासाठी ठेवलीय म्हणाल्या, भांडणाची आठवण म्हणून. दिवाळीत ये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्या करणारच आहेत.

तुझाच,
मी