गिरक्या मोजू नका, पाय पाहा

संपादक महोदय,

बॅलेचा आनंद घ्यायला तंत्र कळण्याची गरज नाही, असे मत आपल्या पुरवणीतील लेखात वाचले. पहिल्यांदा पाहणाऱ्याची भीड चेपावी म्हणून ते ठीक. पण वाचकाला तिथेच सोडून दिले, तर तो फार मोठ्या सुखाला मुकतो.

‘स्वान लेक’ या बॅलेच्या तिसऱ्या अंकातले ओडिलचे, म्हणजे खलनायकाच्या मुलीचे, ३२ फुएते (एका पायावर सलग घेतलेल्या गिरक्या) घ्या. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगात पिएरिना लेन्यानीने ते केले आणि प्रेक्षक आजही आकडाच मोजतात. त्याऐवजी टेकलेल्या पायाकडे पाहावे. दर फेऱ्याला टाच खाली येते, गुडघा वाकतो, दुसरा पाय हवेत झटकला जातो आणि तो गुडघ्याशी परत येताना नर्तकी पुन्हा बोटांच्या टोकावर चढते. म्हणजे तोल दर वेळी नव्याने साधावा लागतो. एवढे करून पाऊल जागचे हलले नाही, तर खरी दाद त्याला द्यावी.

वेगाला टाळ्या आपसूक पडतात. संथ जागांवर मात्र अन्याय होतो, आणि बॅलेतले सर्वांत कठीण काम बहुधा तिथेच असते. ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेतला (१८९०) रोझ अडाजिओ हा संथ नृत्यभाग पाहा. राजकन्या अरोरा एका पायाच्या बोटांवर उभी, दुसरा पाय मागे वाकवून उचललेला. चार राजपुत्र पाळीपाळीने तिचा हात धरतात. एकाचा हात सुटून दुसऱ्याचा मिळेपर्यंत तिला कसलाच आधार नसतो. तेव्हा तिची बोटे पाहावीत. पुढचा हात तिने घाईने घट्ट पकडला, तर तोल जात होता हे उघड होते. हात अलगद ठेवला गेला, तर वयात आलेल्या राजकन्येचा आत्मविश्वास एका शब्दाविना आपल्यापर्यंत पोहोचतो. इथे तंत्र हीच गोष्ट सांगण्याची भाषा आहे.

तंत्र कळले की जादू ओसरते, हेही मला पटत नाही. ग्राँ जेतेच्या, म्हणजे पाय पुढे-मागे ताणून घेतलेल्या मोठ्या, उडीत नेमक्या माथ्यावर हातपाय वर उचलले जातात, त्यामुळे धड आणि डोके क्षणभर एकाच पातळीवर सरकतात आणि नर्तक हवेत थांबल्यासारखा वाटतो. हे कारण ठाऊक असूनही दर वेळी श्वास रोखला जातो. उलट, उतरताना प्लिए (गुडघ्यांचे वाकणे) किती खोल आणि पाऊल किती निःशब्द, हेही आता डोळे-कान टिपतात.

म्हणून विनंती अशी, की प्रयोगाचा परिचय देताना कथानकाबरोबर पाहण्याच्या दोन-तीन जागाही सांगाव्यात. आणि समीक्षकांनी ‘डौलदार’, ‘मोहक’ यांवर न थांबता टर्नआउट (पाय बाहेरच्या बाजूला वळवणे) मांडीच्या खुब्यातून आला होता की गुडघ्याला पीळ देऊन ओढलेला होता, तेही लिहावे.

– आपली एक नियमित वाचक