नाव झाकून ऐका, मग लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हाय-एंड सीडी प्लेयरवर अख्खं पान आलं, ते मी दोनदा वाचलं. मराठी पेपरात या विषयावर कोणी एवढं मन लावून लिहितंय याचा खरंच आनंद झाला. पण लेखभर आवाज कसा मोकळा झाला, तबला कसा समोर आला, स्वरांभोवती हवा कशी जाणवली हेच आहे आणि हे सगळं ऐकलं कसं याची एक ओळही नाही. अ‍ॅम्प कुठला, खोली केवढी, दोन्ही मशीनचा आवाज एका पातळीवर आणला होता का, कुठलं मशीन वाजतंय हे ऐकणाऱ्याला माहीत होतं का, काहीच नाही. तीन-साडेतीन लाखांची वस्तू आहे हो, कोणीतरी हे वाचून रिटायरमेंटच्या पैशातून घेईल, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात आधी लेव्हल, कारण निम्म्याहून जास्त फसगत इथेच होते असं माझं ठाम मत आहे. सीडी प्लेयरचा आउटपुट साधारण २ व्होल्टचा धरतात, पण बरीच महाग मशीनं २.३ व्होल्ट देतात, काही त्याहून जास्त. २ आणि २.३ मध्ये फरक पडतो सुमारे १.२ डेसिबलचा. एवढा फरक कानाला "आवाज वाढला" असा कळतच नाही, तो कळतो बास भरल्यासारखा, गाणं जवळ आल्यासारखा, बारीकसारीक जागा उलगडल्यासारखा. म्हणजे ज्या शब्दांत आपण क्वालिटीचं कौतुक करतो नेमके तेच शब्द थोड्या मोठ्या आवाजाला लागू पडतात. मुंबईतल्या एका शोरूममध्ये मी समोर बसून बघितलंय, विक्रेत्याने आधी स्वस्त मशीन लावलं, मग महाग, व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावला नाही आणि शेजारचं जोडपं दहा मिनिटांत अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळं झालं. मी म्हटलं लेव्हल मोजून परत लावा ना, तर म्हणाला साहेब कानांवर विश्वास ठेवा. कानांवर विश्वास आहेच, म्हणूनच तर मोजा म्हणतोय!

मोजायला काही लॅब लागत नाही. १०० हर्ट्झच्या टेस्ट टोनची सीडी घ्यायची, स्पीकरच्या टर्मिनलला साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून लावायचा, पहिल्या मशीनचा आकडा लिहून ठेवायचा आणि दुसरं लावल्यावर तोच आकडा येईपर्यंत व्हॉल्यूम फिरवायचा. ०.१ डेसिबलच्या आत आणायचं तर व्होल्टेजमधला फरक साधारण १ टक्क्यात यायला हवा, म्हणजे एकावर २.८३ व्होल्ट असेल तर दुसऱ्यावर २.८० ते २.८६. टोन हजार हर्ट्झचा घेऊ नका, स्वस्त मीटर तिथे चुकीचं दाखवू शकतो.

मग दुसरी गोष्ट, नाव झाकणं. घरातल्या कोणालातरी नाणं उडवून ठरवू द्या कुठलं मशीन लावायचं, तुम्ही पाठमोरे बसा, लावणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही आणि दर वेळी कागदावर फक्त ए किंवा बी लिहायचं. दहापैकी पाच-सहा बरोबर नुसत्या अंदाजाने पण येतात. नऊ आले तर मात्र मी मानेन, कारण नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एक आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं की टेस्टच्या टेन्शनमध्ये कान बंद होतात, निवांत महिनाभर ऐकावं लागतं. मग ऐका की महिनाभर, नाव झाकूनच ऐका, कोण घाई करतंय? अमेरिकेत मायर आणि मोरन यांनी हाय रिझोल्यूशन (सीडीपेक्षा जास्त बारकाव्याने साठवलेल्या) ऑडिओच्या वाटेत मध्येच सीडीच्या दर्जाचा, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घालून लोकांना फरक ओळखायला सांगितला, त्याचा पेपर २००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे ४९.८ टक्के, नाणेफेकच झाली. त्यांनी वापरलेल्या काही डिस्कचं मूळ रेकॉर्डिंगच पुरेसं उच्च दर्जाचं नव्हतं अशी टीका झाली आणि ती रास्त आहे, पण सीडीचा दर्जा वाटेत आला की गाण्याचा जीवच जातो असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांनी तो आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

डबा बघून आवाज कसा बदलतो ते बघायचं तर २०१० सालचं लेक्सिकॉन या महागड्या ऑडिओ कंपनीचं प्रकरण आठवा. साडेतीन हजार डॉलरचा त्यांचा ब्लू-रे प्लेयर लोकांनी उघडला तर आत ओप्पो कंपनीचा पाचशे डॉलरचा प्लेयर, तोही त्याच्या चासीसकट (सांगाड्यासकट), वरून फक्त जाड फेसप्लेट. वर आवाज सुधारल्याची कौतुकंही तोपर्यंत छापून आली होती.

आता मी सगळे प्लेयर एकसारखेच असं म्हणतोय का, तर नाही. १९८२ मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ आला त्यात दोन्ही चॅनलला मिळून एकच डॅक (सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) होता, त्यामुळे डावा आणि उजवा आवाज एकमेकांपासून ११ मायक्रोसेकंद पुढेमागे व्हायचे. त्यावर तेव्हा लिहिलंही गेलं, पण एवढ्या वेळात आवाज ४ मिलिमीटर जातो, खुर्चीत मान जराशी हलली तरी तेवढा फरक पडतोच. फिलिप्सने सुरुवातीला १४ बिटचे डॅक वापरले पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मूळ नमुन्यांच्या मधे गणिताने आणखी नमुने घालून, उणीव भरून काढली. हल्ली उलट ओव्हरसॅम्पलिंग काढून टाकलेली महाग मशीनं मिळतात, त्यात २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली येतो, वर ट्यूबचा (जुन्या रेडिओतल्यासारख्या व्हॉल्व्हचा) आउटपुट असला की आणखी रंग चढतो. हा फरक तरुण कानाला कळू शकतो आणि कोणाला तोच गोडवा आवडत असेल तर खुशाल घ्यावं, फक्त त्याला "मूळ आवाजाच्या जवळ" म्हणू नये, तो मूळ आवाजापासून लांब गेलेला आहे.

आणि ज्यात खरोखर फरक असतो ते लेखात येतच नाही. डिस्क वाचताना मोटरची घरघर येते का? मंद आलापात ती फार टोचते. ओरखडा पडलेली सीडी नीट चालते का? सीडीत चूक दुरुस्त करायची सोय मुळातच आहे, ट्रॅकवर अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भाग ती पुरता भरून काढते, पण लेझर आणि सर्व्हो (लेझरला ट्रॅकवर धरून ठेवणारी यंत्रणा) कमजोर असतील तर चांगल्या डिस्कवरही मशीन अडखळतं. आणि सगळ्यात मोठी चिंता, लेझर पिकअप, म्हणजे डिस्क वाचणारा सुटा भाग, पुढे मिळणार का? लाखांचं मशीन पिकअपअभावी बंद पडून राहतं तेव्हा त्याचा साउंडस्टेज (वाद्यं समोर पसरल्याचा भास) काय कामाचा.

ऐकायला काय लावावं हेही सांगतो. लेखकाने परदेशी जॅझ लावलं होतं, चालेल, पण आपल्याकडे तानपुऱ्यासारखी कसोटी नाही. जवारी नीट लागलेला तानपुरा हार्मोनिक्सने (मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या स्वरांनी) इतका भरलेला असतो की वरच्या पट्टीत काही बिघडलं तर झणझण कोरडी होते, लगेच कळतं. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घीस ऐका, ती सरकत खाली जाताना मध्येच फुगते का बघा. फुगली तर बहुतेक वेळा दोष खोलीचा आणि स्पीकरचा निघतो, प्लेयरचा नाही. आणि कुठली सीडी हे तर फारच महत्त्वाचं. जुन्या ७८ आरपीएमच्या कितीतरी गाण्यांच्या सीडी खरखर काढायच्या नादात अशा घासल्यात की मागचा तानपुरा गायबच झालाय. तिथे दहा लाखांचं मशीन आणा, तो परत येणार नाही. त्याच गाण्याची कमी साफ केलेली सीडी शोधा, साध्या प्लेयरवरही गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटेल.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेवटी चौकटीत तीन ओळी घाला: लेव्हल मोजून जुळवली होती का, मशीनचं नाव झाकलं होतं का, आणि मशीन कंपनीने किंवा दुकानाने दिलं होतं का. लेखकाला जमणार असेल तर त्याच दोन मशीनची झाकून टेस्ट पुन्हा करा, मीटर आणि टेस्ट टोनची सीडी घेऊन मी यायला तयार आहे.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली